तेल्हाऱ्याहून आणलेला आवाज

माझ्या कामाला आमच्या घरी नाव नाही. कोणी विचारलं की सासूबाई सांगायच्या, "कॉम्प्युटर पुसाले जाते." सुरुवातीला ते खरंच होतं. अमरावतीत गावंडे सरांचं दुकान आहे. बँका, कचेऱ्या जुने म्हणून काढून टाकतात ते कॉम्प्युटर सर आणतात, दुरुस्त करतात आणि खेड्यांतल्या शाळांना, वाचनालयांना, गरजू माणसांना परवडेल अशा भावात देतात. मी तिथे झाडायला आणि कीबोर्डमधली धूळ ब्रशने काढायला लागले. आता मी त्या यंत्रांमध्ये प्रोग्रॅम बसवते. घरच्यांच्या लेखी अजून पुसायलाच जाते. मीही ते कधी दुरुस्त केलं नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला शब्द सापडत नाहीत.

माझी शाळा चौथीपर्यंत. माहेर अंजनगाव सुर्जीकडचं, घरी भाजीचा आणि फुलांचा मळा. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती, आणि फुलं सकाळीच तोडावी लागतात, म्हणून माझं नाव काढलं. इंग्रजी तेव्हा पाचवीपासून सुरू व्हायचं. म्हणजे माझी आणि एबीसीडीची भेट शाळेत झालीच नाही, ती झाली कीबोर्ड पुसताना. त्यामुळे मला अक्षरं क्यू, डब्ल्यू, ई, आर अशीच पाठ आहेत. नात एबीसीडी म्हणते तेव्हा मला वाटतं, पोरीला कोणीतरी उलटसुलट शिकवलं.

बसवण्याचं काम माझ्याकडे आलं ते सरांच्या प्लॅस्टरमुळे. त्यांचा उजवा हात मोडला होता आणि एका शाळेची यंत्रं द्यायची होती. सर अक्षर सांगायचे, मी ते दाबायची. प्लॅस्टर निघेपर्यंत माझ्या बोटांना ओळी पाठ झाल्या होत्या. सर म्हणाले, "ताई, आता हे तुम्हीच करा. माझा हात जरा आराम करतो म्हणतो."

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. काळा पडदा असतो, त्यावर पांढरी अक्षरं. चित्र नाही, माऊस नाही. आपण एक ओळ लिहायची: अमका प्रोग्रॅम बसव. यंत्र नेटवरून दूरच्या एका गोदामाला विचारतं आणि आपल्याला सांगतं, हा प्रोग्रॅम एकटा येत नाही, याच्यासोबत हे दोन-चार येतील, एवढी जागा लागेल. मग विचारतं, हो की नाही? आणि आपण होचं बटण दाबेपर्यंत गप्प थांबतं. मला हे थांबणं फार आवडलं. माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा इतकं विचारायला कोणी थांबलं नव्हतं.

प्रत्येक प्रोग्रॅमला आकडा असतो. आमच्या बाबांच्या मळ्यात वांग्याचं बी असायचं, नाव तेच, पण मागच्या सालचं बी वेगळं आणि यंदाचं वेगळं. एखाद्या वाफ्याला जुनंच मानवायचं. तसंच हे. नुसतं नाव लिहिलं तर गोदाम सगळ्यात नवा माल पाठवतं. ठराविकच हवा असेल तर नावापुढे बरोबरचं चिन्ह, ते दोन आडव्या रेघांचं, देऊन तो आकडा लिहायचा. लोकांना वाटतं नवं ते चांगलं. बहुतेक वेळा असतंही. पण एका संत्रा व्यापाऱ्याच्या वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर नवा आकडा गेला आणि पावतीवर शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन छापून येऊ लागले. तो पावत्यांचा गठ्ठा घेऊन दुकानात आला. "सर, माह्या गावातले सारे लोकं चौकोन झाले का हो?" मी जुना आकडा लिहिला आणि त्याच्या गावातली माणसं परत आली.

सगळं बसवून झालं की शेवटी झाडलोट. बसवताना आणलेल्या फायलींची एकेक प्रत यंत्राच्या पोटातल्या एका कप्प्यात पडून राहते. जुन्या यंत्रांत जागा कमी, म्हणून एक ओळ लिहून तो कप्पा रिकामा करायचा. या ओळीत माझी कधी चूक झाली नाही. झाडायला म्हणूनच तर मी दुकानात आले होते.

आता वंदनाचं सांगते.

वंदना मूर्तिजापूरची. जन्मापासून दिसत नाही. वय तिशीच्या आसपास, आईवडील नाहीत, भावाच्या घरी राहते. काही वर्षांपूर्वी तिचा भाऊ गजानन तिला घेऊन दुकानात आला होता. पडद्यावरचं मराठी वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आम्ही तिच्या यंत्रात बसवून दिला. आवाज खरखरीत होता, रिकाम्या डब्यात तोंड घालून कोणी बोलावं तसा. वंदनाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव टिनपाट ठेवलं. मग ती त्याचा वेग वाढवत गेली, वाढवत गेली, आणि मला मिक्सरमध्ये डाळ फिरल्यासारखं ऐकू येऊ लागलं.

"अव, यातलं तुले काही समजते का?" मी विचारलं.

"सारं समजते. मावशी, तुमी डोळ्यानं वाचता तवा एकेक अक्षर थांबून पाह्यता का?"

मी तसंच पाहते, पण ते तिला सांगितलं नाही.

यंदा शेवंतीच्या दिवसांत तिचा फोन आला. त्याच सुमारास तिला अमरावतीच्या एका संस्थेत काम मिळण्यासारखं होतं. ही संस्था गावोगावच्या सभांमधलं बोलणं रेकॉर्ड करते आणि मग ते शब्दाला शब्द टाइप करून घेते. वंदनाच्या एका कानात सभा आणि दुसऱ्या कानात टिनपाट, ती टाइप करते ते वाचून दाखवायला. परीक्षा म्हणून त्यांनी तिला काही रेकॉर्डिंग दिली होती. शनिवारी पूर्ण करून द्यायची, मग पुढचं ठरणार.

"मावशी," ती म्हणाली, "माह्या घरात दुसरीच बाई शिरली."

"कोण व?"

"कॉम्प्युटरमंधी. सकाळी चालू केला तं टिनपाट गायब. ही गोड गोड बोलते, रेडिओवरच्या बाईसारखी. पण घाई केली का शब्द गिळते. सभेतले लोकं तिकडे भांडून राह्यले, आन ही अठी गाणं म्हणल्यासारखी चालते. मी मागंच राह्यतो."

यंत्राने आपणहून नवा आकडा घेतला होता, हे मला कळलं. "सवय होईन ना हळूहळू," मी म्हटलं.

"होईन. पण शनिवारपर्यंत नाई होत."

मागून गजाननचा आवाज आला. "वंदना, नाई जमलं तं राहू दे. घरी का तुले काही कमी आहे?"

वंदनाने फोन तोंडाजवळ घेतला असावा, कारण तिचा आवाज एकदम जवळ आला. "तो चांगला आहे, मावशी. वहिनी बी चांगली आहे. तेच तं भेव आहे. एकदा का मी घरी बसली, मंग बसलीच."

मी लगेच काळा पडदा उघडला. आवाजाचं नाव लिहिलं, बरोबरचं चिन्ह दिलं, जुना आकडा लिहिला, एक टिंब चार. यंत्राने सांगितलं, असा आकडा मिळत नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. सर आले, त्यांनी बराच वेळ नेटवर शोधलं. तो मराठी आवाज काही हौशी मंडळींनी मिळून केला होता. त्यांनी नवा तयार केला आणि जुन्याचं पान बंद करून टाकलं. आमच्या दुकानातल्या यंत्रांत बघावं तर सगळे कप्पे स्वच्छ. मीच झाडलेले.

सर खुर्चीत मागे टेकले. "ताई, वंदनाच्या यंत्रासोबत आपण भरलेल्या लॉटमधलं एखादं यंत्र असं आठवतं का, जे झाडायचं राहिलं आणि ज्याला नंतर नेट लागलं नाही?"

मला इंगळे काका आठवले. तेल्हाऱ्याच्या एका वाचनालयाचं काम पाहणारे. यंत्र न्यायला स्वतः टेम्पो घेऊन आले होते आणि मी शेवटच्या ओळीवर असताना मागे उभं राहून घाई करत होते, "आटपा बाई, उद्घाटनाचा मुहूर्त निघून चालला." टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. यंत्र तसंच उचललं गेलं, न झाडता. आणि वाचनालयात नेट नाही हे काकांनीच सांगितलं होतं.

सरांनी फोन लावून पाहिला, पण तो नंबर लागेना. त्यांना दुसऱ्या दिवशी अचलपूरच्या एका शाळेत यंत्रं बसवायला जायचं होतं, ती तारीख मोडता येत नव्हती. म्हणजे तेल्हाऱ्याला मी. सरांनी पेनड्राइव्ह दिला. "नुसती आवाजाची फाईल आणू नका, सगळा कप्पा आणा. जुना पाहुणा जुन्या सोबत्यांशिवाय यायचा नाही. आणि यात मी नवा आवाज टाकून दिलाय. त्यांच्या यंत्रात काढघाल करतोय तर तेही ठीकठाक करून या."

बसमध्ये मला कामाची भीती नव्हती. बोलायची होती. अंजनगाव आलं, गेलं. माहेरच्या रस्त्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही, इंगळे काकांना काय म्हणायचं याची वाक्यं जुळवत होते. अकोटला बस बदलली तोवर ती वाक्यं तीनदा बदलली होती.

वाचनालयात दोन-तीन म्हातारी माणसं पेपर घेऊन बसली होती. इंगळे काकांनी मला ओळखलं नाही. यंत्राचं नाव काढल्यावर मात्र त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. टेबलावर लाल मखमली कापडाखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. काकांनी कापड हळूच काढलं. पडद्याच्या मधोमध कुंकवाचं बोट, खालच्या डब्यावर स्वस्तिक, आणि वर दसऱ्याच्या झेंडूचा वाळलेला हार.

"खंडेनवमीले दरसाल पूजा करतो," काका म्हणाले. "एक वर्ष चुकलो नाई."

"आणि चालू कधी करता?"

"चालू?" त्यांना प्रश्न विचित्र वाटला. "उद्घाटनाले केला होता ना. चालू करून बिघडला तं? इतकी मोठी वस्तू आली वाचनालयाले. कोणी बी येऊन हात लावन."

मला वाईट वाटलं. ते यंत्र मी दोन दिवस बसून भरलं होतं, त्यात पुस्तकं होती, नकाशे होते. अशी आणखी किती यंत्रं कुठेकुठे कापडाखाली असतील, हा विचार आजही मनातून जात नाही. पण त्या क्षणी त्या कुंकवाकडे बघताना मला हायसंही वाटत होतं. याला कोणी हात लावला नव्हता.

मी सांगितलं की यातल्या काही फायली मूर्तिजापूरच्या एका मुलीसाठी हव्या आहेत. काकांनी कापड परत अर्ध्यावर ओढलं.

"म्हणजे यातलं काढून नेता?"

"नाही, फक्त..." आणि बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं गेली. पेपर वाचणारे दारातून आमच्याकडे पाहू लागले. मी खाली बघून मळ्यातलं जे आलं ते बोलले. "काका, आमच्या अंजनगावकडे पानमळे आहेत. पानवेलीचं बेणं कोणी नेलं तर मूळ वेल कमी होते का?"

काकांनी कापड सोडलं. "माह्या मामाचा पानमळा होता अंजनगावले," ते म्हणाले. "बेणं न्यायले लोकं कुठून कुठून येत." मग त्यांनीच हार उतरवून खुंटीला अडकवला.

यंत्र पहिल्यांदा चालू झालं नाही. मी डबा उघडला, पर्समधला ब्रश काढला, आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून साफ केल्या, परत दाबून बसवल्या. हे मात्र मला न बोलता करता येतं. दुसऱ्यांदा पंखा गुरगुरला आणि पडद्यावर उजेड आला, कुंकवाच्या भोवती. कप्पा उघडला. फायलींची रांगच्या रांग, आणि मध्ये आवाजाचं नाव, एक टिंब चार. मी सगळा कप्पा पेनड्राइव्हवर घेतला. पुन्हा उघडून खात्री केली. मग आणखी एकदा.

"आता हा बोलन का?" काकांनी विचारलं.

मी टिनपाटला एक ओळ वाचायला लावली. पेपरवाल्या म्हाताऱ्यांतले एक आजोबा दचकले. "का बोलून राह्यला हा? डब्यात गोटे टाकल्यासारखं वाटते."

मग मी नवा आवाज बसवला. बाईने सावकाश, स्पष्ट, एकेक शब्द सोडत तीच ओळ वाचली. त्या आजोबांनी आपली खुर्ची ओढत आत आणली. त्यांच्या चष्म्याची एक काच पांढरी होती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर लावतात तशी.

"पुन्हा लावा बाई," ते म्हणाले. "मी हा पेपर नुसता हातात धरून बसतो. कोणाले सांगू नका."

"साऱ्यायले माईत आहे, नाना," दुसरे म्हणाले. "कधी कधी उलटा धरता."

मी काकांना चालू कसं करायचं, वाचायला कसं लावायचं, बंद कसं करायचं ते दाखवलं. त्यांनी बटणाला हात लावण्याआधी दोन्ही हात जोडले. मी म्हटलं, "काका, रोज चालू करा. बंद ठेवलेलं लवकर बिघडतं." एवढं मोठं वाक्य मी परक्या माणसाला सहसा सांगत नाही.

तेल्हाऱ्याहून अकोला, अकोल्याहून गाडीने मूर्तिजापूर. पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. गजानन स्टेशनवर घ्यायला आला होता. रस्ताभर तो एकच बोलला, "मावशी, जेवली नाई हो ती धड दोन दिवस. मी म्हणलं, सोड. तं माह्यावरच चिडली."

वंदना यंत्रासमोरच बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि बटणं दाबत एकेक ओळ तिला वाचून सांगू लागले. आवाजाची फाईल दिली तर यंत्र अडलं: सोबतचा जुना भाग हवा. तो कप्प्यात होता, सरांनी सांगितल्याप्रमाणे आणलेला. दोन्ही मिळून दिले. यंत्राने विचारलं, हे नव्यावरून जुन्यावर जाणं आहे, हो की नाही?

"का म्हणून राह्यला?" वंदनाने विचारलं.

"विचारून राह्यला, हो की नाही."

"मंग बटण मले दाबू द्या."

मी तिचं बोट बटणावर ठेवलं. तिने दाबलं. ओळी सरकल्या, थांबल्या. यंत्र पुन्हा सुरू केलं. क्षणभर काहीच नाही. गजानन दारात उभा होता, वहिनी त्याच्या मागे. आणि मग डब्यात तोंड घालून कोणीतरी खरखरलं.

वंदनाने वेग वाढवला, आणखी वाढवला, मिक्सरमध्ये डाळ फिरू लागली. मग ती हसली.

"आला का व टिनपाट?" गजाननने विचारलं.

"आला. आता तू बोलू नको, मले आयकू दे."

एक काम राहिलं होतं. यंत्र पुन्हा आपणहून नवा आकडा घेणार नाही यासाठी एक ओळ असते. होल्ड, म्हणजे धरून ठेव. ती मी लिहू शकले असते. पण मी अक्षरं सांगितली आणि तिने लिहिली. होल्ड काढायची ओळ कोणती तेही शिकवलं.

"म्हणजे मी म्हणीन तवाच बदलन?"

"हाव. तवाच."

गजानन आत आला आणि बहिणीच्या टेबलावर वाटी ठेवून गेला, पोह्यांची. शनिवारी रेकॉर्डिंग अमरावतीला पोचवायला तोच तिच्यासोबत गेला. काम मिळालं. आता दर महिन्याला ती अमरावतीला येते, एकटी, आणि परतताना दुकानात डोकावते. हे लिहायलाही तिनेच सांगितलं. मी म्हटलं, मला नाही जमणार, आणि लोकांना दाखवायचं तर मुळीच नाही. ती म्हणाली, "लोकायले नका दाखवू. मले द्या. टिनपाट तुमचं सारं आयुष्य पाच मिनिटात सांगून टाकन." म्हणून दुकानात कोणी नसताना थोडं थोडं टाइप करते आहे.

इंगळे काकांचाही एकदा फोन आला होता. मागे लोकांचा गलका होता. वाचनालयात नेट घेतलं, ती बाई सकाळचा पेपर वाचते तेव्हा आता खुर्च्या पुरत नाहीत, म्हणाले, आणि ते लाल कापड बायकोने धुऊन घरच्या पेटीवर टाकलं. "खंडेनवमीले पूजा कशी करू बाई, चालू ठेवून का बंद करून?" मी सांगितलं, चालू ठेवून.

गेल्या आठवड्यात वंदना आली तेव्हा तिने आणखी एक जुनं यंत्र मागितलं. "त्यात ती गोड बाई टाकून द्या."

"कायले? तुले तं ती आवडत नाही."

"काम टिनपाटवरच करीन. पण रोज थोडा वेळ तिले आयकतो. आधी सावकाश, मंग जरा जोरात." तिने पर्स खांद्याला लावली आणि काठी उघडली. "बदलीन मी, मावशी. पण मी म्हणीन तवा."

ते यंत्र आज भरून तयार झालं. शेवटची झाडलोटीची ओळ मी लिहिलेली नाही. कप्पा तसाच ठेवला आहे.